हिरॉइन नको, मागची ओळ बघा: हॉलीवूडचे जुने बॅकस्टेज म्युझिकल्स बघायचे कसे

सगळ्यात आधी टीव्हीचा रिमोट घ्या आणि पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन ते झूम का वाइड जे काय असेल ते बंद करा. मस्करी करत नाहीये. १९३० आणि ४०च्या दशकातले हॉलीवूडचे पिक्चर जवळपास चौकोनी असायचे, आपल्या जुन्या डबा टीव्हीसारखे, आणि आत्ताच्या टीव्हीला बाजूच्या काळ्या पट्ट्या म्हणजे स्वतःचा अपमान वाटतो, मग तो चित्र ताणतो नाहीतर वरून-खालून कापतो. खालून कापलं की काय जातं? पाय जातात. नाचणाऱ्यांच्या पिक्चरमध्ये पायच गेले तर मग बघायचं काय, झुंबरं? मी पहिल्यांदा 'फोर्टी सेकंड स्ट्रीट' असाच घोट्यापासून वर बघितला आणि दीड तास विचार करत बसलो की त्यातल्या या नाचणाऱ्या रूबी कीलरमध्ये लोकांना एवढं दिसलं काय.

दुसरं, ते मोशन स्मूथ वगैरे जे असतं तेही बंद. नाच सिरियलसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. तिसरं, इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी सबटायटल्स लावा, कारण हे लोक मशीनगनसारखं बोलतात आणि अर्धे विनोद पाठ फिरवून तोंडातल्या तोंडात टाकतात. चौथं, हेडफोन. टॅप, म्हणजे बुटांचे तळवे जमिनीवर वाजवत करायचा नाच, डोळ्यांइतकाच कानांनी बघायचा असतो. हॉलीवूडमध्ये टॅपचे आवाज बरेचदा शूटिंग झाल्यावर वेगळे रेकॉर्ड करायचे, पडद्यावर बघत बघत, पाय परत वाजवून. म्हणजे आपण जे ऐकतो ते आपल्यासाठी मुद्दाम स्वच्छ करून ठेवलंय, आणि टीव्हीच्या पाठीमागच्या फुसक्या स्पीकरवर ते ऐकणं म्हणजे तबला शेजारच्या घरातून ऐकण्यासारखं आहे.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बॅकस्टेज म्युझिकल म्हणजे काय. नाटकवाल्यांवरचा पिक्चर. पोरगी गावाकडून न्यूयॉर्कला येते, ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या नाट्यगृहांच्या भागात, शो बसतोय, तिला मागच्या रांगेत जागा मिळते, पैसे लावणारा शेठ कटकट करतो, डिरेक्टर ओरडतो, मेन हिरॉइनला काहीतरी होतं, आणि आयत्या वेळी ही पोरगी उभी राहते आणि शो तरतो. झालं. स्टोरी अर्ध्या पोस्टकार्डावर मावते आणि जवळपास प्रत्येक पिक्चरची तीच. त्यामुळे स्टोरीसाठी बघायला बसलात तर दुसऱ्या पिक्चरलाच कंटाळाल, आणि बहुतेक लोक इथेच सोडतात.

एक गोष्ट मात्र मराठी माणसाला यात फुकटात मिळते. विंग, तालीम, रंगीत तालीम, तिसरी घंटा, दौरा, रिप्लेसमेंट, नाटक पडणं, हे शब्द आपल्याला समजावून सांगावे लागत नाहीत. यातली मंडळी न्यूयॉर्कला शो उघडायच्या आधी फिलाडेल्फिया नाहीतर न्यू हेवनला जाऊन प्रयोग लावतात तेव्हा आपल्याला लगेच कळतं की हे आधी बाहेरगावी चाचपून बघतायत.

माझी बघायची पद्धत मला मावशीने शिकवली. मावशी सत्तरच्या दशकात हिंदी पिक्चरमध्ये ग्रुप डान्सर होती, म्हणजे हिरॉइनच्या मागे घागरा घालून ज्या पंधरा-वीस जणी असतात त्यातली एक. तिला एकदा दादरच्या घरी लॅपटॉपवर 'फोर्टी सेकंड स्ट्रीट' लावून दिला. मला वाटलं होतं झोपेल. ती चष्मा लावून पुढे सरकून बसली आणि एकदाही हिरॉइनकडे बघितलं नाही. "ती कडेची बघ, शेजारणीकडे बघून करतेय. पाठ नाहीये तिचं." मग परत, "हिला चप्पल लागलीय." मी पिक्चर मागे घेतला, आणि खरंच, कडेची मुलगी अर्धा ठोका उशिरा वळत होती. इतकी वर्षं बघितलेलं गाणं आणि मला ती मुलगी तिथे आहे हेच माहीत नव्हतं. तेव्हापासून माझा नियम एकच, गाण्यातला पहिला मिनिट हिरॉइनला द्या, नंतर नजर मागच्या ओळीवर टाका आणि तिथेच ठेवा. हे पिक्चर सांगतात एकीच्या नशिबाची गोष्ट पण त्यात जीव आहे तो त्या बाकीच्यांमध्ये.

तर सुरुवात 'फोर्टी सेकंड स्ट्रीट'पासूनच करा, १९३३, वॉर्नर ब्रदर्स, डिरेक्टर लॉइड बेकन, नाच बसवलेत बझबी बर्कलीने. त्याच्या आधीचा 'द ब्रॉडवे मेलडी' (१९२९) हा या सगळ्यांचा आजोबा, बेस्ट पिक्चरचं ऑस्कर मिळालेला पहिला बोलपट, दोन बहिणी गावोगावचे कार्यक्रम सोडून न्यूयॉर्कला येतात आणि एकाच माणसावरून बिनसतं. पण पहिला म्हणून तो बघू नका. तो काळ असा की मायक्रोफोन कुठेतरी फुलदाणीत लपवलेला असल्यासारखे सगळे एका जागी उभं राहून बोलतात. नंतर कधीतरी बघा, आणि तेव्हा 'द वेडिंग ऑफ द पेंटेड डॉल' हे गाणं जरा मन लावून बघा. ते दुसऱ्यांदा शूट करताना आधीचं रेकॉर्डिंग वाजवून त्यावर नाचवलं, म्हणजे आपला प्लेबॅक! आपण ज्याच्या जिवावर एवढी वर्षं जगलो ती गोष्ट तिथे एक जुगाड म्हणून सापडली होती.

मधल्या तीन-चार वर्षांत झालं असं की बोलपट आले म्हणून सगळ्यांनी नुसती गाण्यांचीच पिक्चर काढली आणि लोक इतके वैतागले की थेटरवाले जाहिरातीत "यात गाणी नाहीत" असं सांगायला लागले. त्यात १९२९ला शेअरबाजार कोसळला, १९३३पर्यंत अमेरिकेत कामाला येईल अशा दर चार माणसांत एक बेकार होता. मार्च १९३३मध्ये नवा अध्यक्ष रूझवेल्ट शपथ घेतो, देशभरच्या बँका बंद पडलेल्या, आणि त्याच आठवड्यात हा पिक्चर लागतो. वॉर्नरवाल्यांनी तर सोनेरी-चंदेरी रंगवलेली अख्खी ट्रेन स्टार मंडळी भरून लॉस एंजेलिसहून वॉशिंग्टनला शपथविधीला पाठवली होती, पब्लिसिटी म्हणून. हे माहीत असेल तर पिक्चरचा सूर लगेच लागतो. इथे कोणी कलेची सेवा वगैरे करायला आलेलं नाही, सगळ्यांना नोकरी पाहिजे. डिरेक्टर ज्युलियन मार्शसुद्धा (वॉर्नर बॅक्स्टर) आजारी आहे, डॉक्टर नको म्हणतोय, तरी हा शो घेतो कारण त्याचे पैसे वॉल स्ट्रीटवर बुडालेत.

आता कुठे थांबायचं, कुठे मागे जायचं ते सांगतो.

पहिली थांबायची जागा, निवड. मुलींची रांग उभी, स्कर्ट वर करा, पाय दाखवा. आज बघताना कसंतरी होतं आणि व्हायलाच पाहिजे, पण फॉरवर्ड करू नका. त्यात जिंजर रॉजर्स येते, एका डोळ्यावर काचेचा चष्मा, काखेत कुत्रं, आणि खोटा इंग्लिश थाटाचा आवाज. ही ॲनी. सगळे तिला ओळखतात, ती कोण आहे ते सगळ्यांना माहितीये, तरी ती नाटक सोडत नाही. हिला लक्षात ठेवा.

दुसरी, तालमी. पाच आठवडे तालमी चालतात आणि हा पिक्चरचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात चांगला भाग आहे. गाणी जवळपास सगळी शेवटच्या वीस मिनिटांत कोंबलीत, त्याआधी नुसता घाम. मुली जमिनीवर बसल्यात, कोणी पिनांनी कपडे जोडतंय, मार्श ओरडतोय परत, परत, परत. मावशी इथे म्हणाली, "आमचा मास्टर पण असाच. पण तो आकडे म्हणायचा, पाच सहा सात आठ, आणि आठला शिवी."

तिसरी, आणि ही खरी. उद्घाटनाच्या आदल्या रात्री मेन हिरॉइन डोरोथी ब्रॉकचा (बीबी डॅनिअल्स) घोटा मोडतो. पैसे लावणारा म्हातारा ॲबनर डिलन म्हणतो ॲनीला घ्या, ती आता त्याची मैत्रीण आहे. म्हणजे अख्ख्या आयुष्यात ॲनीला जे पाहिजे होतं ते ताटात वाढून आलंय. आणि ती नाही म्हणते. मला नाही झेपणार, म्हणते, पण ती पेगी सॉयर (रूबी कीलर) करेल. दहा सेकंदांचा प्रसंग आहे, हलक्याफुलक्या आवाजात, पुढच्या गडबडीत वाहून जातो. पहिल्या वेळी मला कळलाच नव्हता. अख्खा पिक्चर रूबी कीलर स्टार कशी झाली म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ती झाली कशी तर मागच्या ओळीतल्या एकीने जागा सोडली म्हणून. त्यानंतर मार्शचं ते फेमस वाक्य येतं, जातेयस तू पोरगी म्हणून पण परत ये ती स्टार होऊनच, वगैरे. ते ऐका, पण मनात ॲनी असू द्या.

मग कीलर नाचते. आणि इथे लोकांचा गोंधळ होतो, कारण ती काय फार नाजूक नाचत नाही. ती पायाकडे बघते, हात जरा भिरभिरतात, पाऊल धपकन पडतं. ती जो नाच करायची त्याला बक डान्सिंग म्हणायचे, जुन्या धाटणीचा, लाकडी तळव्याच्या बुटांवरचा, पाय जमिनीत मारायचा. तरंगल्यासारखा नाचणाऱ्या फ्रेड अस्टेअरचं मोजमाप हिला लावू नका. ढोलकी आणि तबला यात कोण श्रेष्ठ असं विचारण्यासारखं आहे ते. शेवटच्या गाण्यात ती पडद्यासमोर नाचतेय असं वाटतं, कॅमेरा मागे येतो तेव्हा कळतं की ती टॅक्सीच्या टपावर आहे. त्याच गाण्यात पुढे एक बाई खिडकीतून उडी मारून सुटते आणि रस्त्यावर भोसकली जाते आणि नाच चालूच राहतो. बघा, चक्क गाण्यात खून. १९३४च्या जुलैपासून सेन्सॉरचे नियम कडक झाले, त्याच्या आधीच्या या एक-दोन वर्षांत हे सगळं खपून जायचं.

आणि शेवट चुकवू नका, म्हणजे चुंबन झालं म्हणून बंद करू नका. प्रेक्षक बाहेर पडतायत, म्हणतायत, डिरेक्टरचं काय एवढं, पोरीमुळे शो चालला. तो तिथेच अंधारात लोखंडी जिन्यावर एकटा बसलाय, ऐकतोय. संपला पिक्चर.

दुसऱ्या दिवशी 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३'. लगोलग एका रात्रीत दोन्ही नका बघू, चेहरे तेच आहेत, डोक्यात खिचडी होते. हा मर्विन लरॉयचा. सुरुवातच जिंजर रॉजर्सपासून, अंगावर मोठमोठी नाणी लावून, आता आपल्याकडे पैसाच पैसा असं गाणं. मध्येच एक कडवं ती शब्द उलटसुलट करून म्हणते, तिकडच्या पोरांची गुप्त भाषा असते तशी, म्हणजे आपली "च"ची भाषा समजा. आणि गाणं संपायच्या आत शेरीफची माणसं स्टेजवर घुसतात, बिलं थकलीत, सामान उचला, कपडे उतरवा. पैसाच पैसा म्हणणाऱ्या मुलीच्या अंगावरून नाणी काढून नेतात. पाच मिनिटांत अख्खी मंदी सांगून टाकली. मावशी इथे हसली नाही. तिचे एका निर्मात्याने आठ दिवसांचे पैसे बुडवले होते, नाव ती आजही घेत नाही, नुसतं "तो" म्हणते.

पुढे तीन मैत्रिणी एका खोलीत, खायला काही नाही, शेजाऱ्याच्या खिडकीतली दुधाची बाटली चिमट्याने ओढून घेतात. ही खोली नीट बघून घ्या. मधला तासभर श्रीमंत पोरांच्या प्रेमाचा गोंधळ आहे, त्यात थोडं पाणी प्यायला उठलात तरी चालेल. पण शेवटच्या गाण्याला खुर्चीत पाहिजे. 'रिमेंबर माय फरगॉटन मॅन'. आत्तापर्यंत गंमत चाललेली, आणि अचानक जोन ब्लाँडेल दिव्याच्या खांबाला टेकून गायला लागते की ज्याच्या हातात तुम्ही बंदूक दिली होती तो आज रस्त्यावर आहे. पहिल्या महायुद्धातून आलेले सैनिक, आधी वाजतगाजत, मग पावसात, मग रक्ताळलेले, मग फुकट जेवणाच्या रांगेत. १९३२मध्ये असेच माजी सैनिक आपला बोनस मागायला वॉशिंग्टनला जमले होते आणि सरकारने सैन्य लावून त्यांना हाकललं होतं, हे प्रेक्षकांना ताजं आठवत होतं. गाण्यात एक काळी बाई खिडकीत बसून एक कडवं गाते, तो आवाज ऐकून अंगावर काटा येतो. ती एट्टा मोटेन. तिचं नाव श्रेयनामावलीत नाही.

बर्कलीबद्दल थोडं. त्याचे ते वरून घेतलेले शॉट्स, शंभर मुली मिळून कमळ उघडतंय मिटतंय, सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितलेले असतात. हा माणूस नाच शिकलेलाच नव्हता! पहिल्या महायुद्धात लष्करात लेफ्टनंट होता, फ्रान्समध्ये सैनिकांची कवायत बसवायचा. एकदा हे कळलं की सगळं उलगडतं. त्याला पाऊल नको होतं, त्याला रांग पाहिजे होती. स्टुडिओच्या छताला भोक पाडून कॅमेरा वर न्यायचा. आणि हे सगळं म्हणे नाटकाच्या स्टेजवर चाललंय. गंमत म्हणून एकदा थेटरातला माणूस बनून बघा, तिसऱ्या रांगेत बसलेल्याला यातलं काय दिसलं असतं? काही नाही. डोक्याचे मागचे भाग. 'गोल्ड डिगर्स'मध्येच व्हायोलिनचं एक गाणं आहे, व्हायोलिनला निऑनचे दिवे लावलेत, दिवे घालवले की अंधारात नुसत्या व्हायोलिनच फिरतात. त्याचं शूटिंग चालू असताना १० मार्च १९३३चा लाँग बीचचा भूकंप झाला, अंधार झाला, आणि मुली वायर लावलेल्या व्हायोलिन घेऊन उंच उभ्या होत्या. ते माहीत झाल्यापासून मला ते गाणं सुंदर वाटायच्या आधी भीतीच वाटते.

बर्कलीच्या उलट अस्टेअर. त्याला कॅमेरा हललेला नको, शक्यतो तुकडे नकोत, डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण माणूस फ्रेममध्ये. म्हणून सुरुवातीला सांगितलं ते झूम बंद करा. कुठलंही म्युझिकल बघताना हे मोजायची सवय लावा, एका गाण्यात कट किती आहेत. नाचणारा पक्का असेल तर कट कमी. आजच्या गाण्यांत मोजायला गेलात तर बोटं पुरणार नाहीत.

तिसरा पिक्चर म्हणून लोक सरळ 'सिंगिंग इन द रेन'वर जातात. माझं ऐकाल तर आधी 'डान्स, गर्ल, डान्स' बघा, १९४०, आरकेओ स्टुडिओ. हा त्या वेळी साफ पडला होता. दिग्दर्शक डोरोथी आर्झनर, त्या काळात हॉलीवूडच्या मोठ्या स्टुडिओंत दिग्दर्शन करणारी जवळपास एकटी बाई. आणि फरक दिसतो. सुरुवात अ‍ॅक्रन नावाच्या गावात, क्लबवर जुगाराची धाड पडते, नाचणाऱ्या मुलींचे पैसे अडकतात. दोन मुली, जूडी (मॉरीन ओहारा), तिला बॅले करायचाय, आणि बबल्स (ल्युसिल बॉल), तिला पैसे करायचेत. एका ठिकाणी हुला, म्हणजे हवाई बेटांवरचा कंबर हलवायचा नाच, नाचायचं काम निघतं. जूडी तोच नाच नीटनेटका करून दाखवते, माणूस सिगार चघळत बसलाय, चेहरा मख्ख. बबल्स उशिरा येते, तोच नाच करते, कंबर हलवते, काम तिला. हा प्रसंग दोनदा बघा, एकदा जूडीसाठी आणि एकदा त्या माणसाच्या चेहऱ्यासाठी. यात खलनायक बबल्स नाहीये हे लक्षात घ्या, ती बिचारी स्वच्छ बोलतेय की माल जो खपतो तो मी विकते, आणि ल्युसिल बॉलने ते इतकं झकास केलंय की पुढे तिला अख्ख्या अमेरिकेने डोक्यावर का घेतलं ते कळतं.

मग बबल्स मोठी होते, बर्लेस्कमध्ये, म्हणजे उत्तान नाच-विनोदाच्या शोमध्ये, आणि जूडीला काम देते. काम काय, तर बबल्सच्या दोन गाण्यांच्या मध्ये येऊन बॅले करायचा, म्हणजे पब्लिक चिडेल, हुर्यो करेल आणि बबल्सला परत बोलवेल. म्हणजे शिव्या खायचा पगार! रोज रात्री. एके दिवशी तिच्या ड्रेसचा पट्टा तुटतो, लोक ओरडतात, आणि ती नाच थांबवते. स्टेजच्या पुढे येते, हाताची घडी, आणि प्रेक्षकांना सुनावते. बघा म्हणते, लाजू नका, पैसे दिलेत ना, पन्नास सेंट, बघा. आणि मग सांगते की तुम्ही घरी जाऊन बायकोसमोर मोठेपणा मिरवता पण इथून आम्हाला तुम्ही कसे दिसता ते आम्हाला विचारा. थेटरात शांतता, आणि पहिली टाळी एक बाई वाजवते. आत्तापर्यंत तुम्ही पण पडद्याकडे बघत बसला होतात, हे इथे अचानक अंगावर येतं. मी सोफ्यावर सरळ होऊन बसलो होतो. २००७मध्ये तिकडच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीने हा जपून ठेवायच्या यादीत घेतला.

आता एक सावधानता. या जुन्या पिक्चरमध्ये मध्येच गोरे लोक तोंडाला काळं फासून येतात, 'बेब्ज इन आर्म्स'मध्ये आहे, किंवा 'फुटलाइट परेड'मध्ये रूबी कीलर चिनी मुलगी झालीय. मुलांबरोबर बघणार असाल तर आधी एकटे बघून घ्या आणि मग बोला त्याबद्दल. आणि त्याच काळात खऱ्या काळ्या कलाकारांची गाणी बऱ्याचदा अशी वेगळी, तुटक ठेवायचे की दक्षिणेकडच्या राज्यांत थेटरवाल्यांना ती कापून टाकता यावीत, गोष्टीला धक्का न लागता. गायिका लीना हॉर्नचं एमजीएम स्टुडिओत हेच झालं. म्हणून 'स्टॉर्मी वेदर' (१९४३, फॉक्स) बघायचाच. बिल रॉबिन्सन, लीना हॉर्न, कॅब कॅलोवे, सगळे काळे कलाकार, आणि इथे कापणार काय, पिक्चरच त्यांचा. युद्धातून परत आलेला नाचणारा हळूहळू वर येतो, तीच आपली पोस्टकार्डवाली गोष्ट, सव्वा तासाच्या आसपास संपते. शेवटाकडे निकोलस ब्रदर्स येतात. दोघे भाऊ, कोट-टायमध्ये, वादकांच्या टेबलांवरून उड्या मारत जातात आणि मग मोठ्या पायऱ्यांवरून एकमेकांच्या डोक्यावरून उडी मारून खालच्या पायरीवर पाय पूर्ण फाकवून पडतात, आणि हात न लावता उठतात. आणि परत. मावशीला हे दाखवलं तर ती म्हणाली, "गुडघे." बाकी काही नाही. थोड्या वेळाने परत म्हणाली, "गुडघे रे."

'सिंगिंग इन द रेन' (१९५२) सगळ्यांना माहीतच आहे, पावसाचं गाणं माहीत आहे. तुम्ही या वेळी डेबी रेनॉल्ड्सला धरून बघा. १९२७चा काळ दाखवलाय, बोलपट नुकतेच येतायत. कॅथी सेल्डन (रेनॉल्ड्स) हिरो जीन केलीला ऐकवते की मी रंगभूमीवरची अभिनेत्री, पिक्चर म्हणजे काय, आणि थोड्याच वेळात पार्टीत खोट्या केकमधून उडी मारून बाहेर येते, गुलाबी कपडे, कोरसमधली मुलगी. तिचा चेहरा बघा तेव्हा, उडी मारून झाल्यावर समोर केली दिसतो तो क्षण. रेनॉल्ड्स तेव्हा १९-२० वर्षांची, नाच शिकलेली नाही, जिम्नॅस्टिक्स केलेलं. 'गुड मॉर्निंग' गाण्यात तिच्या एका बाजूला केली आणि दुसऱ्या बाजूला डोनल्ड ओकॉनर, दोघे जन्मभर नाचलेले. त्या शूटिंगमध्ये पाय रक्ताळले होते असं तिनेच नंतर सांगितलंय. सोफा उलटा होऊन तिघे हसत पडतात ना, ते बघून मला तरी आता हसू येत नाही.

आणि या पिक्चरची सगळ्यात भारी गोष्ट. गोष्टीत मूकपटांची स्टार लीना लॅमॉन्टचा आवाज भयानक म्हणून कॅथी पडद्यामागून तिला आवाज देते, आणि श्रेय मिळत नाही म्हणून शेवटी पडदा उघडून न्याय होतो. प्रत्यक्षात 'वुड यू' गाण्यात रेनॉल्ड्सचा आवाज नाहीच, बेटी नॉइस नावाची गायिका गायलीय, आणि तिचं नाव कुठे नाही. आणि जिथे कॅथी लीनासाठी संवाद डब करते तिथे आवाज खुद्द जीन हेगनचा आहे, म्हणजे लीनाचं काम करणाऱ्या बाईचाच. पडदा उघडून आवाज देणारीला पुढे आणणारा पिक्चर, आणि त्याच्याच पडद्यामागे अजून एक उभी. प्लेबॅकवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना तर हे कोणी समजवायची गरजच नाही.

शेवटी ठेवा 'द बँड वॅगन' (१९५३, व्हिन्सेंट मिनेली). सगळ्या पिक्चरमध्ये पोरगी वर चढतेय, यात चढून झालेला माणूस खाली येतोय. अस्टेअर, चोपन्नाच्या आसपासचा, एका विझलेल्या स्टारचं काम करतो, सुरुवातीलाच त्याची टोपी आणि काठी लिलावात निघते आणि कोणी घेत नाही. सिड चॅरिस बॅलेवाली, तो तिच्या उंचीला घाबरतो, ती त्याच्या नावाला. डिरेक्टरला साध्या विनोदी शोचं फाऊस्ट, म्हणजे सैतानाला आत्मा विकणाऱ्या माणसाची भारदस्त गोष्ट, करायचंय, मग व्हायचं तेच होतं, न्यू हेवनला पडतं. पडल्याचं दाखवलंय कसं ते बघा, पब्लिक थेटरातून अंत्ययात्रेला आल्यासारखं बाहेर पडतं, बास. आणि मधे 'डान्सिंग इन द डार्क', दोघे घोडागाडीतून सेंट्रल पार्कमध्ये उतरतात, एक शब्द गायलेला नाही, नुसते चालत चालत कधी नाचायला लागतात ते पकडून दाखवा. मी चारदा मागे घेतलं, पहिलं पाऊल मला अजून सापडलेलं नाही.

मावशीला हा आवडला नाही. मागे ओळच नाही म्हणाली यात, आणि परत 'फोर्टी सेकंड स्ट्रीट' लाव, त्या कडेच्या मुलीचं पुढे काय होतं बघू.